जास्तीचं माप

काटेबाईंनी बॅटरीच्या पेटीवरच्या आकड्याला बोटानं टिचकी मारली. आकडा हलला नाही. हलायला तो काही तराजूचा काटा नव्हता, काचेमागे उजळलेले दोन हिरवे अंक होते. पण उभा जन्म बाजारातले काटे तपासण्यात गेल्यावर बोटाची सवय थोडीच जाते. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि वाकून पुन्हा पाहिलं. चौसष्ट.

दुपारी घराबाहेर पडताना अठ्ठावन्न होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "बॅटरी वाढलीय."

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. नाकात नळी, पायाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, मांडीवर वर्तमानपत्र. त्यांनी पान उलटलं.

"मग आनंद मान. घटली तरी तुझी तक्रार, वाढली तरी तक्रार."

"आभाळ गच्च भरलंय. दिवसभर सावली पडली नाही कशाची. वाढली कशानं?"

"वारा सुटला होता ना दुपारी. छपरावरच्या पंख्यानं केली असेल थोडी वीज."

काटेबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. सकाळी घाईत चिमटे न लावता टाकलेले हातरुमाल दोरीवर जसेच्या तसे होते. त्यांची टोकंसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती.

काटेबाई हे नाव त्यांना बाजारानं दिलं होतं. वजनमापे खात्यात त्या निरीक्षक होत्या आणि त्यांची पावलं वाजली की भल्याभल्या दुकानदारांच्या तळव्यांना घाम फुटे. निवृत्तीनंतर खुर्ची गेली, नाव तेवढं राहिलं. कमी भरणाऱ्या मापानं त्या कधी कोड्यात पडल्या नव्हत्या. कमी देणारा लबाड असतो, एवढी ती सरळ गोष्ट. पण जास्त देणाऱ्याची त्या पाठ सोडत नसत. आपल्या पदरचं उगीच कुणी देत नाही. आवळा देऊन कोहळा काढायचा बेत असल्याशिवाय गिऱ्हाइकाचं पारडं झुकत नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे अशा मळभात भरत चाललेली बॅटरी पाहून दुसरी एखादी बाई समाधानानं चहा टाकायला गेली असती. चहा काटेबाईंनीही टाकला, पण कुठंतरी पाणी मुरतंय, हे मनाशी पक्कं करून.

आणि हे काही आजचं नव्हतं. मळभ धरल्यापासून रोज हेच चाललं होतं. त्या दुपारी बाहेर जाताना आकडा पाहून जात आणि परत येईपर्यंत तो तेवढाच असे, नाही तर थोडा वरच. खरं तर तो खाली यायला हवा. ढगांतून जो काही उजेड पॅनेलवर पडतो, तो ऑक्सिजनचं मशीन एकटंच गिळून टाकतं आणि वर बॅटरीतलंही ओढतं. हा हिशेब मास्तरांनीच त्यांना शिकवला होता.

वीज घरची असावी, हा मास्तरांचा जुना ध्यास. शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगितलं होतं, की आपल्या डोक्यावर रोज एवढी वीज ओतली जाते आणि आपण कोळसा जाळत बसतो. गावाच्या कडेला घर बांधल्यावर त्यांनी छपरावर पॅनेल चढवली, एका कोपऱ्यात छोटा वाऱ्याचा पंखा उभा केला. वीज कंपनीची तार तरीही होती. पण ती जरा वारा आला की तुटे, आणि तक्रार करायला गेलं की कार्यालयातला माणूस वर न पाहताच उत्तर देई. एकदा मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी जोडणीच काढायला लावली. कंपनीनं तार नेली, तारेबरोबर खांबही नेला, आणि मास्तरांनी गल्लीभर मिठाई वाटली.

"सूर्य बिल पाठवत नाही, धूर सोडत नाही आणि उलट उत्तरही देत नाही," ते तेव्हा म्हणाले होते.

"रजा मात्र न सांगता घेतो," काटेबाई म्हणाल्या होत्या.

जावईही नको म्हणत होता. त्याचा धंदाच लोकांच्या छपरांवर पॅनेल बसवण्याचा; पण तो म्हणाला, "बाबा, तार राहू द्या. सूर्य काय, वारा काय, दोघंही गुणी आहेत, पण लहरी. एक रुसला की दुसराही रुसेल, सांगता येत नाही. अडीअडचणीला तार बरी." मास्तरांनी ऐकून घेतलं आणि बॅटरी मोठी घेतली. डिझेलच्या जनरेटरचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून विचारलं, की आता हा धूर कुणाच्या फुफ्फुसात घालायचा म्हणता?

फुफ्फुसं तेव्हाच कुरकुरायला लागली होती. पुढे डॉक्टरांनी मशीन दिलं आणि दिवसरात्र नळी लावायला सांगितलं. मशीन हवेतला ऑक्सिजन गोळा करून देतं, पण फुकट देत नाही. त्याला अखंड वीज लागते. गेल्या वर्षी असंच मळभ बसलं, वारा पडला, बॅटरी शून्यावर आली आणि मशीन एक लांब शिट्टी मारून गप्प झालं. अडीनडीचं म्हणून ठेवलेलं छोटं सिलिंडर दवाखान्याच्या दारापर्यंत कसंबसं पुरलं.

लेक धावत आली. रडली, चिडली, आणि बापाच्या उशाशी उभं राहून तिनं अट घातली. "पुन्हा एकदा जरी वीज संपली म्हणून मशीन बंद पडलं, तर घराला कुलूप. मग तुम्ही दोघं माझ्याकडे. आहे कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले.

लेकीचा फ्लॅट उंचावर होता, हवेशीर होता, विजेला तिथं तोटा नव्हता. पण मास्तरांना तिथं आभाळ फक्त खिडकीएवढं दिसे, आणि काटेबाईंना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबा उघडण्याआधी विचारावं लागे. दोघांनाही जायचं नव्हतं. ते एकमेकांशी बोलायची गरज नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी लेकीचा फोन येई. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, किती?" काटेबाई पेटीपाशी जाऊन आकडा वाचत. मास्तरांनी तो आकडा लेकीच्या मोबाईलवर दिसायची सोय करू दिली नव्हती. माझ्या घरातली वीज माझ्या घरात राहील, म्हणाले. लेकीनं मग सरळ सांगून टाकलं होतं, "बाबांचा आकडा मी धरणार नाही. आईनं वाचलेला धरेन."

काटेबाईंचा पहिला संशय अर्थातच जावयावर गेला.

त्याला कारण होतं. मळभ धरल्यापासून तो दोनदा येऊन गेला होता, तेही त्या घरी नसताना. सासऱ्याचं छपरच बंद पडलं तर गावात पॅनेल विकणाऱ्याची पत काय राहील? शेजारी सुताराचा कारखाना, तिथं कंपनीची वीज. भिंत एकच. एक वायर इकडून तिकडे सरकवली, की झाकली मूठ सव्वा लाखाची. तिसऱ्यांदा जावई पॅनेल पुसायला आला, तेव्हा त्या मुद्दाम घरी थांबल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या.

"जावईबापू, ढगांतून वीज पडते म्हणतात, पण ती बॅटरीत पडते हे मला माहीत नव्हतं."

वरून फडका फिरायचा थांबला. "म्हणजे काय, आई?"

"बॅटरी भरतेय. तुम्हाला ठाऊक असेलच."

"भरतेय?" जावई पायऱ्या उतरून खाली आला, पेटीपाशी गेला, आकडा पाहून त्यानं डोकं खाजवलं. "ढगांतही थोडीफार येते, आई. पण एवढी..." त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वर्तमानपत्रात नाक खुपसून होते. "पुसल्याचा फायदा झाला असेल," जावई म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

चोराच्या मनात चांदणं, काटेबाई मनात म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी विजेरी घेतली आणि भिंतीवरून जाणारी एकेक वायर हातानं चाचपत तिचा माग काढला. छपरापासून पेटीपर्यंत, पेटीपासून दिव्यांपर्यंत. माळ्यावर चढल्या, खोकल्या, धुळीनं माखून उतरल्या. भिंतीतून एकही परकी वायर येत नव्हती.

"सापडलं काही?" मास्तरांनी विचारलं.

"कोळ्याची जाळी."

"राहू दे ती. तीही बिनविजेची चालतात."

मास्तर हसले आणि हसता हसता त्यांना धाप लागली. ती लवकर थांबेना. काटेबाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि मशीनचा खटका नीट आहे की नाही ते पाहिलं. त्याच्या बाटलीत त्या रोज सकाळी उकळून गार केलेलं पाणी भरत. त्यातून बुडबुडे काढत हवा नळीत जाते, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. हल्ली ती बाटली रोज भरावी लागत नव्हती. हवाच दमट आहे, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या सुताराकडे गेल्या. सुतार एक डोळा मिटून फळीची कड पाहत होता. त्यांना पाहताच त्यानं दोन्ही डोळे मिटले आणि उघडले.

"या काकू! आज इकडे कुठं?"

"तुझी वीज आमच्याकडे येते का रे?"

"माझी?" सुतार मोठ्यांदा हसला. "काकू, माझी वीज माझ्याच करवतीला पुरत नाही."

"आमच्या मास्तरांचं काही काम करतोस का तू?"

"मी? छे. मी काय करणार?" त्यानं पेन्सिल कानावर लावली, ती पडली, त्यानं ती उचलून पुन्हा लावली. "मोठ्या माणसाचं मन मोडू नये एवढंच मला कळतं. या वयात जरा कुणी तोंड चाळवलं तर बिघडतं का, काकू?"

"कुणी तोंड चाळवलं?"

"मी आपलं असंच म्हटलं," सुतार म्हणाला आणि त्यानं करवत सुरू केली, म्हणजे पुढचं काही ऐकूच येऊ नये.

एवढं झालं तरी ताकास तूर लागत नव्हती. जावई काही लपवतोय, सुतार काही लपवतोय, आणि मास्तर तर या दोघांचेही गुरू. तिघांनी मिळून आपल्याला वेड्यात काढायचं ठरवलंय, असं वाटून काटेबाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. दुपारी त्या नेहमीप्रमाणे बाजारात गेल्या. बाजारात त्यांचं आता काही काम नव्हतं. पण नवे दुकानदार काटा लावून द्यायला बोलवत आणि जुने दुकानदार, पूर्वी घाबरायचे म्हणून असेल, आता आग्रहानं बसवून घेत.

परतताना त्या गल्लीच्या वळणावर आल्या आणि सुताराच्या कारखान्यातून तीन ठोके ऐकू आले. ठक्, ठक्, ठक्. मग शांतता.

काटेबाई जागच्या जागी थांबल्या.

सुतार खिळा ठोकतो तेव्हा ठोके असे मोजून पडत नाहीत. आणि आज पहिल्यांदा पडले, असंही नव्हतं. काल होते, परवाही होते. त्यांच्या कानांनी ते ऐकले होते आणि सोडून दिले होते. बाजारात ही युक्ती सर्रास चाले. निरीक्षक कोपऱ्यावर दिसले रे दिसले, की पहिला दुकानदार सहज हातून निसटल्यासारखं वजन पारड्यात टाकी. तो आवाज दुकानामागून दुकानं पुढे जाई आणि काटेबाई पोचेपर्यंत साऱ्या बाजारातली खोटी वजनं गोण्यांखाली गेलेली असत. त्यांनी ती युक्ती मोडली होती ती एकाच रीतीनं. पुढच्या वाटेनं जायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात न जाता निम्म्या वाटेतून वळल्या आणि घरामागच्या बोळातून आल्या. ठोके पडले नाहीत. परसातलं फाटक त्यांनी उचलून उघडलं, म्हणजे कुरकुरू नये, आणि स्वयंपाकघराच्या काचेच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आता साखरेचा डबा दिसेल, नाही तर बिडी दिसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. मनात त्यांनी बोलायचं वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

घर गप्प होतं. आधी ते त्यांच्या ध्यानात आलं.

मास्तर बॅटरीच्या पेटीसमोर स्टुलावर बसले होते. नळी गळ्यात लोंबत होती. मशीन बंद होतं. दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून ते श्वास ओढत होते आणि प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे कानांपर्यंत वर जात होते. ओठांवर जांभळट छटा चढली होती. नजर मात्र त्या हिरव्या आकड्यावर खिळलेली. तो एकानं वाढला असावा, कारण मास्तर हसले. नापास होता होता सुटलेलं पोर हसतं, तसं हसले.

बाटलीतलं पाणी का सरत नव्हतं ते काटेबाईंना कळलं, आणि जावयावर, सुतारावर, भिंतीतल्या वायरींवर संशय घेताना आपण घरातलं हे एकच माप तपासलं नाही, हेही कळलं. वीज कुठून येत नव्हती. ती जात नव्हती, एवढंच. वीज संपली म्हणून मशीन बंद पडलं, तर घराला कुलूप, असं लेक म्हणाली होती. मास्तरांनी ती संपू दिली नव्हती. दिलेला शब्द ते कधी मोडत नसत. शब्दातून वाट काढत.

त्यांना भयंकर राग आला. दार ढकलावं, हाताला धरून खुर्चीत बसवावं, चार शब्द असे सुनावावेत की जन्मात विसरणार नाहीत. हात कडीवर गेलाही. पण पुढचं सगळं त्यांना दिसत होतं. मास्तर कबूल होतील, हात वर करतील, पुन्हा नाही म्हणतील, आणि उद्या आणखी शहाणपणानं करतील. पकडलेल्या माणसांचे चेहरे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. त्या रांगेत हा एक चेहरा त्यांना नको होता.

कडीवरचा हात त्यांनी काढून घेतला. आल्या वाटेनं बाहेर पडल्या, जवळजवळ धावतच बोळ ओलांडला, गल्लीच्या वळणावर आल्या आणि चपला वाजवत, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं खाकरत चालू लागल्या.

ठक्, ठक्, ठक्.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तो आवाज हवासा वाटला. घराच्या दाराशी त्या हातात किल्ली असूनही पिशवीत किल्ली शोधत राहिल्या, आतून मशीनची घरघर सुरू होईपर्यंत. मग आत गेल्या. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत होते, नाकात नळी, मांडीवर वर्तमानपत्र. ते उलटं होतं.

"लवकर आलीस आज."

"बाजार थंड होता."

"पाहिलास का आकडा?" मास्तरांनी दोन श्वासांच्या मध्ये विचारलं. "एकसष्ट. वारा असणार दुपारी."

काटेबाईंनी दोरीवरच्या, न हललेल्या कपड्यांकडे पाहिलं. "होता," त्या म्हणाल्या. "चांगला सुटला होता."

मास्तरांनी वर्तमानपत्रावरून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. इतक्या सहज आपलं म्हणणं या घरात कधी मान्य झालं नव्हतं. त्या संध्याकाळी काटेबाई त्यांच्या खुर्चीपासून हलल्या नाहीत. भाजीसुद्धा तिथंच बसून चिरली. मास्तर मधूनमधून त्यांच्याकडे पाहत आणि पाहिलं नाही असं दाखवत.

सकाळी मळभ फिटलं. कितीतरी दिवसांनी उन्हाची तिरीप फरशीवर आली, मास्तरांच्या पायांवरून चढली. ते खुशीत होते. चहाचा कप हातात घेऊन पेटीकडे तोंड करून बसले होते. आकडा उघड्या डोळ्यांनी चढताना दिसत होता.

"बघ," ते म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? काढले की नाही दिवस? आता महिनाभर चिंता नाही."

फोन वाजला. काटेबाईंनी तो नेहमीप्रमाणे दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आई, किती?"

काटेबाईंनी पेटीकडे पाहिलं. पंचावन्न. त्या पाहत असतानाच छप्पन झाले.

"संपली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बॅटरी संपली. काल दुपारी. मी बाजारातून आले तर मशीन बंद होतं. बाबांना धाप लागली होती, ओठ जांभळे पडले होते. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं मी."

मास्तरांचा कप ओठांपाशी थांबला. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला, बशीत न ठेवता टेबलावर.

"शून्यावर आली होती?" लेकीचा आवाज चढला. "आई, तू स्वतः पाहिलंस? मला रात्री का नाही कळवलं? आता कसे आहेत ते? बाबांना दे. बाबा, ऐकताय ना? आई म्हणते ते खरं आहे?"

काटेबाईंनी फोन उचलून मास्तरांसमोर धरला. मास्तरांनी सत्तावन्न झालेल्या आकड्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मशीन घरघरत होतं.

"तुझ्या आईचं माप," ते फोनमध्ये म्हणाले, "कधी चुकलंय का?"